पैठणमधला ण

लिहिण्याचा अधिकार कोणाला असावा, याविषयी माझी मते फार कडक आहेत आणि त्या मतांप्रमाणे पाहिले तर पुढचा मजकूर मी लिहिता कामा नये. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी नोकरी केली. पुस्तके नोंदवली, कपाटांत लावली, मागणाऱ्यांच्या हाती दिली. मराठीची पदव्युत्तर पदवी जवळ असूनही स्वतःची एक ओळ कधी कोणाला दाखवली नाही. ज्यांनी लिहिले त्यांची पाने सुटी झाली तर ती शिवून घ्यायची, इतकाच माझा साहित्याशी संबंध. निवृत्त होऊन काही वर्षे लोटल्यावर, केस पूर्ण पांढरे झाल्यावर, आता मी लेखणी उचलते आहे. हे धारिष्ट्य वाचकांनी पोटात घालावे. माझ्या थोरल्या भावाविषयी लिहील असे दुसरे कोणी नाही, एवढेच कारण मला देता येते.

दादा माझ्याहून पुष्कळ मोठा. पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला लागून आमचे शेत होते आणि आमच्या घरातून शहरात नोकरीला आलेला तो पहिलाच. बसस्थानकावर त्याला काम मिळाले. चौकशीच्या खिडकीमागे बसायचे आणि गाड्या लागतील तशी ध्वनिक्षेपकावरून घोषणा करायची. मी तेव्हा शाळेत होते. शिक्षण चांगले व्हावे म्हणून आईने मला त्याच्याबरोबर शहरात धाडले होते आणि आम्ही दोघे एका खोलीत भाड्याने राहत होतो.

पहिल्याच आठवड्यात त्याने घोषणा केली, "पैठन गाडी फलाट नंबर चारला लागली हाय."

शेजारच्या टेबलावरचा जुना सहकारी म्हणाला, "कुठं लागली रे? मलम आणू का? नुसता हाय हाय करतोस."

खोलीतले सगळे हसले. ध्वनिक्षेपकाचे बटण दादाने बंद केलेले नव्हते, त्यामुळे तो विनोद सर्व फलाटांवर ऐकू गेला आणि फलाटांवरची माणसेही हसली. पुढे बरेच दिवस तिथला चहावाला दादाच्या टेबलावर कप ठेवताना म्हणत असे, "घ्या साहेब, गरम हाय."

दादा हे सारे मला सांगताना स्वतःही हसला होता. जेवण झाल्यावर मात्र म्हणाला, "उद्यापासनं तू माझी मास्तरीन."

"मी?"

"शाळेत पैला नंबर कुनाचा येतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोव्हवर चहाचे आधण ठेवून त्याने वर्तमानपत्र उघडले आणि अग्रलेख मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझ्या हाती त्याने एक वाटी आणि चमचा दिला होता. तो चुकला की मी चमच्याने वाटी वाजवायची. चहा उकळेपर्यंतच वाचायचे, त्यापुढे एक ओळही नाही, असा त्याचा नियम होता. एका वेळी एकच चूक धरायची, हाही त्याचाच नियम. मी पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात सगळ्याच चुकांना वाटी वाजवली, तेव्हा तो म्हणाला, "देवळात आलोय का आपन? एकच धर. समदं धरलं तर जीभ बिथरती." मग पहिले काही महिने आम्ही फक्त 'हाय'चे 'आहे' करीत होतो. त्यानंतर 'ण' घेतला.

'ण'ला सर्वांत जास्त दिवस लागले. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे, हे मी त्याला शाळेतल्या बाईंनी सांगितले होते तसे सांगे. तो दाढीचा आरसा समोर धरून तोंड उघडी आणि पाणी, लोणी, कोण, आपण, पैठण असे म्हणत राही. एखादा दिवस चुकला तर त्याबद्दल चरफडणे त्याला मंजूर नव्हते. दुसऱ्या दिवशी तो काहीच झाले नसल्यासारखा आधण ठेवी आणि वर्तमानपत्र उघडी. आता वाटते, त्याची खरी हुशारी त्यातच होती. माझ्यासारखी माणसे एक दिवस चुकला की स्वतःविषयीचा निकालच देऊन टाकतात.

काही वर्षांनी त्याचा आवाज बसस्थानकाचा आवाज झाला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे शब्द तो ज्या संथपणे उच्चारी, तो संथपणा मी पुढे व्याख्यानमालांतल्या वक्त्यांकडेही फारसा ऐकला नाही. एकदा एक प्राध्यापक खिडकीशी येऊन त्याला विचारून गेले, "आपण मूळचे पुण्याचे का?" दादा ही हकिगत विनोद म्हणून सांगत असे, पण सांगत असे पुष्कळदा.

त्याने स्वतःवर जे केले तेच माझ्यावरही केले. मी लाजाळू होते, आजही आहे. दुकानात जाऊन वस्तू मागण्यापेक्षा ती नसलेली बरी, असे मला वाटे. ग्रंथालयातल्या नोकरीसाठी मुलाखत द्यायची वेळ आली तेव्हा मी दादाला म्हटले, "मला लोकांशी बोलता येत नाही."

तो म्हणाला, "येत नाही असं म्हणू नकोस. आजवर केलं नाही, असं म्हण."

आणि त्याने मला रोजचे काम लावून दिले. दररोज एका अनोळखी माणसाशी एक वाक्य बोलायचे. एकच, दुसरे बोललेच पाहिजे असे नाही. मी क्रांती चौकातल्या एका फळवाल्यापाशी जाऊन रोज विचारू लागले, "आज पेरू कसे आहेत?" काही दिवसांनी तो म्हणाला, "कल जैसेच हैं बाजी. तुम रोज पूछते, लेते कब?" त्या दिवशी मी पेरू घेतले आणि दुसरे वाक्यही बोलले. पुढे मी विद्यार्थ्यांशी, प्राध्यापकांशी, एकदा तर ग्रंथालयाच्या कार्यक्रमात व्यासपीठावरूनही बोलले. माझी भीती गेली असे मी म्हणणार नाही. ती सोबत असताना बोलता येऊ लागले.

लग्नानंतर पुंडलिकनगरात दादाने लहानसे घर बांधले तेव्हा मीही त्याच्याकडेच राहिले. माझे लग्न झाले नाही, त्याविषयी इथे काही लिहिण्यासारखे नाही. वहिनी गावाकडची होती आणि तिने दादाची शिस्त कधीच मानली नाही. "मला नाय जमायचं तुमचं ते ण बिण," असे ती तोंडावर सांगे. "माह्या मायनं मला अशीच बोलती केली." दादा तिला काही म्हणत नसे. मुलगी झाल्यावर मात्र त्याने निश्चय केला की या लेकराच्या कानावर पहिल्यापासून स्वच्छ भाषाच पडेल. तो तिच्याशी पाळण्यातही शुद्ध बोले. वहिनी लवकर गेली. मुलीला आई नीटशी आठवतही नाही. अशा रीतीने आमच्या घरातून आमच्या आईची बोली नाहीशी झाली, आणि ती गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मुलगी शिकली, पुण्यात नोकरीला लागली, तिथेच तिचे लग्न झाले. दादा निवृत्त झाला, मागोमाग मीही झाले. चहा उकळेपर्यंत मोठ्याने वाचण्याचा त्याचा नेम अजून चालूच होता. आता त्यात चुका नसत. मी भाजी चिरता चिरता ऐकत असे.

अशाच एका सकाळी वाचताना त्याचा आवाज जड झाला. मला वाटले, घसा बसला असेल. वळून पाहिले तेव्हा वर्तमानपत्र खाली पडलेले होते आणि दादा आपल्या उजव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे पाहावे तसा पाहत होता.

दवाखान्यात त्याचा जीव वाचला. हात पुढे थोडा सुधारला, काठी घेऊन तो चालू लागला. वाचा गेली ती गेली. त्याला सगळे समजत होते, वाचता येत होते, बोलताना मात्र तोंडातून फक्त फुटका आवाज येई. मुलगी रजा काढून आली, आठवड्यांमागून आठवडे राहिली. अखेर तिला परतावे लागले. त्यानंतर दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येई. त्यासाठी दादा दाढी करवून घेई, इस्त्रीचा सदरा घाली, आणि कॉलवर डावा हात उचलून नुसता बसून राही. ती बोलत असे, तो ऐकत असे. कॉल संपल्यावर तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसे. त्याला दुसरे काही नको होते. एकदा, फक्त एकदा, त्याला मुलीशी बोलायचे होते.

वाचा-उपचार करणाऱ्या एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणत असू. त्यांनी चित्रांची कार्डे आणली. घर, दार, पाणी, चहा. चित्र पाहायचे, त्या म्हणतील तसे म्हणायचे. त्यांनी समजावून सांगितले की मेंदू जुना रस्ता बंद झाला तर नवा शोधतो, मात्र त्याला रोज थोडे थोडे चालवावे लागते. दादाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत मला जवळजवळ खुशी दिसली. हे शास्त्र त्याला ठाऊक होते. त्यानेच ते मला शिकवले होते.

दुसऱ्या दिवसापासून आधण ठेवले की मी कार्डे घेऊन त्याच्यासमोर बसू लागले. 'घर' काही महिन्यांनी 'घ' पर्यंत आले. 'पाणी'साठी त्याने जेवढी धडपड केली तेवढी कोणत्याच शब्दासाठी केली नाही. जिभेचे टोक वर जाईना. त्याला घाम येई. मी एकदा त्याचे वाक्य त्यालाच ऐकवले. "येत नाही असं समजू नकोस दादा. आजवर केलं नाही, एवढंच." वाक्य पुरे होण्याआधीच मला कळले की ते इथे लागू पडत नाही. त्याने केले होते. आयुष्यभर केले होते. जे कमावले आणि गेले, त्यासाठी दादाजवळ वाक्य नव्हते, आणि माझ्याजवळ जी होती ती सगळी त्याचीच होती.

आमच्या भागात नळाला पाणी ठरल्या दिवशी येते, तेही पुष्कळदा ठरल्या वेळी येत नाही. असाच तो पाण्याचा दिवस होता. मी मागे कपडे वाळत घालत होते. नळ आधी घरघरतो, मग वारा सोडतो, आणि मग धार लागते. ती घरघर मला ऐकू आली नाही. दादाने ऐकली. आतून त्याचा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ, बसस्थानकावरच्यासारखा.

"पानी आलं!"

मी हातातले ओले कपडे तसेच घेऊन धावत आत गेले. "दादा, बोललास. तू बोललास." मी हसत होते आणि रडतही होते.

तोही क्षणभर हसला. मग त्याचे ओठ हलले. आपण काय बोललो ते तो मनाशी पुन्हा म्हणून पाहत होता. त्याला ऐकू आले. त्याचा चेहरा जो उतरला, तो मी विसरू शकलेले नाही. नळाची धार रिकाम्या बादलीत पडत होती, मग बादली भरली, मग पाणी मोरीतून वाहून गेले. आम्ही दोघेही उठलो नाही.

त्यानंतर जे शब्द येऊ लागले ते सगळे तसेच आले. "चहा देऊ का?" म्हटले की "व्हय." साखर जास्त झाली की "लई ग्वाड." हे शब्द त्याच्या इच्छेने येत नव्हते. ते आत कुठेतरी तळाशी असावेत आणि वरचे सगळे वाहून गेल्यावर उघडे पडले असावेत. आणि दादा प्रत्येक वेळी एक गोष्ट करी. डाव्या हाताने चमचा उचलून तो समोरची वाटी वाजवी. मग 'हो' म्हणण्यासाठी तोंड उघडी. नुसती हवा येई.

मॅडम त्याला म्हणाल्या, "काका, 'पानी' चालेल की. उलट किती छान येतंय. 'ण' राहू द्या आपण."

दादाने मान हलवली आणि पाण्याचे कार्ड बोटाने त्यांच्याकडे सरकवले. पुन्हा म्हणा, अशी ती खूण होती. त्या म्हणाल्या, "पाणी." तो घामाघूम होईपर्यंत खटपट करीत राहिला आणि शेवटी त्याने कार्डे उलटी करून ठेवली. त्या आठवड्यात तो एक शब्दही बोलला नाही.

निघताना दारात मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, त्यांना वाटतंय की आपण मागे चाललोय. तुम्ही घरात त्यांच्यासारखंच बोला ना. तुम्हाला येत असेल की ती बोली."

मी म्हटले, "येते."

ती मला येत नव्हती. हे मला त्या संध्याकाळीच कळले. मी दादाच्या समोर ताट ठेवून म्हटले, "दादा, लई भूक लागलेली हाय व्हय?" वाक्य कानाला इतके खोटे लागले की मी तिथेच थांबले. हौशी नाटकात शहरातली मुलगी गावातल्या मोलकरणीचे काम करते, तसे ते होते. दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसला. आजारानंतर तो पहिल्यांदाच असा हसला, खांदे हलेपर्यंत. मी ठरवले की ज्यामुळे तो हसला ते शिकायचे.

पडेगावच्या पुढे, जुन्या शेताजवळ आमची एक चुलत वहिनी राहते. मी आठवड्यातले काही दिवस रिक्षाने तिच्याकडे जाऊ लागले. दारात मला पाहून पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आज कामून वाट वाकडी केली? कोनाचं लगीन हाय का?"

मी कारण सांगितले. ती हातातले सूप खाली ठेवून हसत सुटली.

"आगं माय! बोलायला शिकाया आली? यवढी पुस्तकं वाचून?"

"व्हय," मी म्हटले.

"हे काय व्हय हाय? टोचून घेतल्यावानी म्हनती. तोंड सैल सोड की जरा."

मी तिच्याबरोबर बसून शेंगा फोडीत असे आणि ती बोले तसे बोलत असे. 'का' म्हणायचे तिथे 'कामून' म्हणायचे हे मला ठाऊक होते, पण ते वाक्यात कुठे ठेवायचे आणि कुठे गिळायचे हे माझ्या हातून सुटले होते. ही चुलत वहिनी टाकून बोलत असे. "बाई गं, तुह्यापरीस माझी म्हैस बरी बोलती." घरी येताना रिक्षात मी मनातल्या मनात वाक्ये घोळवीत असे. सगळे एकदम धरायचे नाही, एका वेळी एकच धरायचे. रिक्षावाला आरशातून पाही. मी ओठ मिटून घेई.

हळूहळू माझ्या आईचा आवाज माझ्या तोंडात येऊ लागला. असे मी लिहिते आहे खरे, पण तो आईचाच होता की या चुलत वहिनीचा, हे सांगण्याइतका आईचा आवाज मला आठवत नाही. दादाला ते पुरले. एका सकाळी मी आधण ठेवून सहज म्हणाले, "दादा, आज लई उकडू राहिलं, नाय का?"

तो म्हणाला, "व्हय. आभाळ आलंय." आणि त्याने वाटी वाजवली नाही.

मग काही महिने आम्ही रोज बोललो. फार नाही, चहा उकळेपर्यंत. कार्डे आम्ही फडताळात ठेवून दिली होती. त्याला अचानक आठवे, "आपली ढवळी गाय... लई मारकी व्हती." किंवा, "आयचं थालीपीट." मी विचारी, "कसं व्हतं?" तो डोळे मिटून बसे आणि शब्द शोधी. एकदा म्हणाला, "गरम हाय," आणि हसला. चहावाल्याचा विनोद त्याने इतक्या वर्षांनी स्वतःवर केला. मॅडम येत तेव्हा त्यांच्याशीही तो दोन शब्द बोलू लागला. त्या म्हणाल्या, ही खूप मोठी सुधारणा आहे. मला खरोखर वाटू लागले की त्याला काय हवे ते आता मिळेल.

रविवारी मात्र तो पूर्वीसारखाच इस्त्रीचा सदरा घालून गप्प बसून राही. मुलगी विचारी, "आत्या, बाबा काही बोलतात का गं?" दादा तिला दिसणार नाही अशा बेताने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवी. मी म्हणे, "प्रयत्न चालू आहेत."

एका रविवारी कॉल संपल्यावर मी त्याला विचारले, "पोरीसंगं कामून नाय बोलत, दादा?"

"नाय."

"कामून पर?"

शब्द जुळवायला त्याला वेळ लागे, म्हणून मी थांबले. मग तो अगदी हळू म्हणाला, "ह्यो... तिचा बाप... नाय."

मी म्हटले, "असं नगं बोलू." त्याने डाव्या हाताचे बोट आपल्या ओठांवर ठेवले आणि मग ते माझ्या ओठांवर ठेवले. तिला सांगायचे नाही. मी मान डोलावली.

मी त्याला पटवून द्यायला हवे होते, असे कोणी म्हणेल. मी प्रयत्न केला. ज्या बोलीतून त्याने स्वतःला इतक्या कष्टाने बाहेर काढले, तिच्यातच परत जाऊन एकेक शब्द मिळवणे हेही शिकणेच आहे, तितकेच अवघड आणि तितकेच रोजचे, असे मी त्याला माझ्या परीने सांगितले. तो ऐकत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याशी दोन शब्द जास्त बोलत असे. त्याच्या लेखी ते माझ्यापुरते होते. बसस्थानकाच्या खिडकीत बसलेला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणारा माणूसच मुलीचा बाप होता, आणि तो परत येईपर्यंत तिच्यासमोर दुसऱ्या कोणाला बसवायला दादा तयार नव्हता. फडताळातून पाण्याचे कार्ड काढून तो दुपारी एकटा 'ण' म्हणून पाहत असे. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत असे. 'ण' आला नाही.

त्याला दुसरा झटका आला तो हिवाळ्याच्या सुरुवातीला. या वेळी दवाखान्यात फार दिवस काढावे लागले नाहीत. मुलगी पोचली तेव्हा त्याला शुद्ध नव्हती. ती उशाशी बसून त्याला हाक मारीत राहिली आणि मी तिच्या मागे उभी होते. मलाही त्याला हाक मारायची होती, पण मी ती कोणत्या बोलीत मारली असती हे ठाऊक असल्यामुळे मारली नाही.

दहाव्यानंतर मॅडम भेटायला आल्या. आमचे काय ठरले होते ते त्यांना ठाऊक नव्हते. मुलीचा हात धरून त्या म्हणाल्या, "काका किती छान बोलायला लागले होते शेवटी. तुमच्या गावाकडचं. ऐकत राहावंसं वाटायचं."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मॅडम गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, बाबा बोलत होते?"

मी म्हटले, "हो."

"माझ्याशी का नाही बोलले?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले. दादाचे वाक्य तेवढे सांगितले नाही. आपल्या जुन्या बोलण्याची त्याला लाज वाटत होती, एवढेच म्हणाले. ती खूप रडली. चिडलीसुद्धा. "मी काय हसले असते का त्यांना?" असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग थकून म्हणाली, "कसे बोलायचे ते? तू बोलून दाखव ना. मला एकदा ऐकायचं आहे."

मी म्हटले, "आत्ता नको."

ती पुण्याला परत गेली. रविवारचा कॉल तिने चालू ठेवला आहे, आता माझ्यासाठी. दर वेळी उशिरा का होईना ती त्या मागणीवर येतेच. "आत्या, आज तरी." मी विषय बदलते. ती पुढच्या महिन्यात येणार आहे.

मला ते बोलता येते. दादा गेल्यावरही सवय सुटलेली नाही. सकाळी आधण ठेवले की माझ्या तोंडून आपसूक तीच बोली येते, ऐकणारे कोणी नसले तरी. दादाचे थांबणे, एखाद्या शब्दाआधी श्वास घेणे, 'व्हय' म्हणताना हनुवटी किंचित खाली नेणे, हेही त्यात आले आहे. मी ते मुद्दाम घेतले नव्हते. रोज समोर बसून बोलल्याने ते आले. त्याचा तो आवाज आता माझ्याशिवाय कुठेही उरलेला नाही आणि माझेही वय झाले आहे. मुलीला तो ऐकण्याचा हक्क आहे, असे मला सकाळी वाटते. संध्याकाळी वाटते, त्याने बोट माझ्या ओठांवर ठेवले होते.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला ऐकवले असते का?